उतार

आमची गल्ली घेवड्याची. मागची वाटाण्याची,
त्यापुढे बटाट्याची.
तार्तू शहराच्या या कोपऱ्याला सूपनगर म्हणतात,
आणि मला डॉक्टरबाई म्हणतात, माइमू, सुपात मीठ नको.
शेजारची हेल्वे म्हणते, शेपू घाल जास्त.
घालते.
आळणी ते आळणीच.

घर लाकडी, नदीकडे कललेलं.
हा कल माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा.
नदी वसंतात तळघरात येते, चार दिवस राहते,
जाताना मूठभर माती उचलून नेते.
वाटाणे सोलताना एखादा निसटला
की त्याला वाट पाठ असायची:
टेबलाखालून, चुलीला वळसा घालून
थेट खिडकीखालच्या फटीत.
फटीपाशी पिपार, आमचा एकडोळ्या बोका,
त्या एकाच डोळ्यात तेल घालून बसलेला.
वजन सात किलो. त्यालाही पथ्य आहे.
तोही पाळत नाही.

उर्मास फिनलंडमध्ये लोकांची घरं सरळ करतो.
ऑगस्टात आठ दिवस आला, जॅक आणि तुळया घेऊन.
लेव्हलच्या हिरव्या पाण्यातला बुडबुडा दाखवून म्हणाला,
आई, हा मधोमध आला पाहिजे.
बाप तीस वर्षं हेच म्हणत होता.
याने फळ्या उचकटल्या.

तो खिळे आणायला गेला तेव्हा
मी बॅटरी घेऊन वाकले.
खाली वाटाणे, छऱ्यांसारखे कडक.
एक कोपेक.
एक निळं बटण, जे हरवलं म्हणून ब्याण्णव साली
मी उर्मासला उपाशी झोपवलं होतं.
आणि भिंतीच्या कडेला, एकीवर एक,
पांढऱ्या गोळ्या. मधोमध रेघ असलेल्या.

आर्वोच्या.
रोज सकाळी सातला मी त्याच्या तळहातावर ठेवायचे,
पाण्याचा ग्लास द्यायचे, लापशीकडे वळायचे.
घेतलीस?
गेली, म्हणायचा.
खोटं नव्हता बोलत.

मोजल्या. त्रेचाळीस.
हात थरथरायचे त्याचे, हे खरं.
पण त्रेचाळीस वेळा?
रात्री फ्रिजच्या उजेडात उभ्या उभ्या
काळ्या पावावर खारवलेले मासे ठेवून खायचा.
मला सगळं ऐकू यायचं.
झोपेचं सोंग माझं होतं.
नोव्हेंबरात, दारातला बर्फ ओढता ओढता गेला.
फावडं मात्र भिंतीला नीट टेकवलेलं.

बटण तेवढं उचललं.
खिळे ठोकताना उर्मासने विचारलं,
आत काही राहिलं नाही ना?
म्हटलं, वाटाणे आहेत. राहू देत.

बुडबुडा मधोमध आला. उर्मास बोटीने परत गेला.
आता जमीन सपाट आणि माझी चाल वाकडी.
डावा पाय चाळीस वर्षांच्या सवयीने जोर देतो,
दोनदा कपाटावर आदळले.
कपाटही कललेलं, पलंगही, टेबलही,
सगळी उलट्या बाजूला,
कारण त्यांच्या पायांखाली आर्वोच्या पाचरी.
जमीन सरळ करायची सोडून तो पाचरी तासत बसायचा,
बर्चच्या, साल तशीच ठेवून.
एकेक काढली, चुलीत घातली.
बऱ्या जळल्या.
टेबलाखालची एक राहिली.
निघतच नाही गं, असं मी हेल्वेला सांगितलं.

पिपार अजून खिडकीखाली बसतो.
फट नाही, वाटाणा येत नाही,
तरी बसतो.
दोनशे ग्रॅम उतरलाय.

रविवारी उर्मासचा फोन: आई, गोळी घेतलीस?
माझीही पांढरीच. माझ्याही गोळीला मधोमध रेघ.
टेबलाच्या त्या टोकाला कडेवर उभी करते
आणि सोडते.
थांब, म्हणते.
येतेच आहे.